तोंडाचा पट्टा आणि बंदुकीचा पट्टा

एम.ए.च्या वर्गाला भाषाविज्ञानातील ‘अर्थपरिवर्तन’ हे प्रकरण शिकवताना मी वर्षानुवर्षे तीच उदाहरणे देत आलो आहे. प्रश्नांची ‘सरबत्ती’, आरोपांच्या ‘फैरी’, टीकेचा ‘भडिमार’. हे सारे शब्द मुळात तोफाबंदुकांचे. आता ते वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आणि सभागृहांच्या वृत्तांतांत सुखाने नांदतात. ‘मोर्चा’ हा शब्दही असाच. एके काळी मोर्चा म्हणजे तटाला भिडवून तोफा मांडण्याची जागा. आज मोर्चा निघतो तो मागण्यांचा. या मालिकेतील माझे शेवटचे उदाहरण ‘तोंडाचा पट्टा’ हे असते. हा पट्टा कोणता, असा प्रश्न मी वर्गाला विचारतो, मुले गप्प राहतात, आणि मग मी दांडपट्ट्याचे वर्णन करतो. मनगटाच्या वर कोपरापर्यंत हात झाकणारी मूठ, लवचीक लांब पाते, आणि पट्टेकऱ्याभोवती कुणालाही फिरकू न देणारे त्याचे वेगवान वार. बोलणाऱ्याने जवळ कुणाला येऊच द्यायचे नाही, म्हणून तो तोंडाचा पट्टा.

काही वर्षांपूर्वी या ठिकाणी वर्ग गप्प राहिला नाही. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने उत्तर दिले, “सर, मशिनगनचा पट्टा. गोळ्यांचा.” वर्ग हसला. मीही हसलो, आणि ‘चूक’ असे म्हणून पुढे गेलो. त्या हसण्याचा हिशेब पुरा करण्यासाठी प्रस्तुत लेख लिहीत आहे. परंतु त्यासाठी आपल्याला प्रथम सातारा जिल्ह्यापासून दूर, जर्मनीपर्यंत जावे लागेल.

हायरम मॅक्सिम या मूळच्या अमेरिकन संशोधकाने १८८४ साली लंडनमध्ये आपली बंदूक सिद्ध केली. तिच्यापूर्वीची गॅटलिंगसारखी यंत्रे दांडा फिरवून चालवावी लागत. मॅक्सिमची कल्पना वेगळी होती. गोळी सुटताना बंदूक मागे जो धक्का देते, तो तोवर नेमबाजाच्या खांद्याचा शत्रू मानला जाई. मॅक्सिमने त्या धक्क्यालाच कामाला लावले. त्या जोराने नळी आणि तिच्या मागची कळ थोडी मागे सरकते, कळ रिकामे काडतूस नळीतून ओढून काढते, त्याच वेळी पट्ट्यातून नवे काडतूस उपसते, आणि स्प्रिंगच्या ओढीने पुढे येताना ते नळीत बसवते. पट्टा एक घर पुढे सरकतो. बोट चापावर आहे आणि पट्ट्यात गोळी आहे तोवर हे थांबत नाही. मिनिटाला सुमारे ५०० गोळ्या. तापणारी नळी थंड राखण्यासाठी तिच्याभोवती पाण्याचे आवरण असे.

या रचनेत साधा दिसणारा पट्टा फार महत्त्वाचा आहे. तो कापडाचा असे, आणि त्यात एका ओळीत काडतुसे खोवलेली असत. पेटी किंवा मॅगझिन संपले की नेमबाजाला थांबावे लागते. पट्टा मात्र लांबवता येतो. म्हणजे थांबण्याचा निर्णय यंत्राकडून माणसाकडे आला असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात माणसाच्या ठिकाणी तो निर्णय घेण्याची उसंतच उरली नाही. २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानमध्ये ओमदुर्मानच्या मैदानावर तोफा, रायफली आणि मॅक्सिम यांच्यापुढे महदीच्या अनुयायांचे सुमारे दहा हजार लोक काही तासांत मारले गेले. ब्रिटिश-इजिप्शियन फौजेचे मृत ४८ होते. वसाहतींत हे यंत्र ज्यांच्यावर चालले त्यांची नोंद युरोपच्या वाङ्मयात फारशी झाली नाही. ती झाली १९१४ नंतर, जेव्हा यंत्र दोन्ही बाजूंना आले.

जर्मन सैन्याने मॅक्सिमची आवृत्ती १९०८ साली स्वीकारली. तिचे नाव एमजी ०८. ती घसरगाडीसारख्या बैठकीसह साठ किलोंहून अधिक भरे. खंदकात रोवून बसण्यासाठी ती उत्तम होती, पण धावणाऱ्या सैनिकांबरोबर धावू शकत नव्हती. महायुद्ध खंदकांत अडकल्यावर पायदळाच्या हातात देता येईल अशी मशिनगन हवी झाली. ब्रिटिशांनी लुईस गन आणली, तिच्यावर ४७ गोळ्यांची गोल तबकडी बसे. जर्मनांनी नवे यंत्र रचण्यात वेळ न घालवता जुन्यालाच छाटले. बैठक काढून दोन पायांचा टेकू लावला, मागे लाकडी दस्ता बसवला, खाली पिस्तुलासारखी मूठ दिली, पाण्याचे आवरण बारीक केले, आणि शंभर गोळ्यांचा पट्टा एका गोल डब्यात गुंडाळून बंदुकीच्या कुशीला लटकवला. १९०८ची बंदूक, १९१५ची सुधारणा : म्हणून एमजी ०८/१५. ‘लाइट मशिनगन’ या नावाला ती फारशी जागली नाही, कारण पाणी आणि पट्टा धरून ती वीस किलोंच्या वर जाई. परंतु १९१७च्या वसंतापासून ती आघाडीवर सर्वत्र दिसू लागली, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १,३०,००० नग तयार झाले.

इथवरचा इतिहास शस्त्रांचा झाला. भाषेच्या अभ्यासकाला कुतूहल वाटावे असा भाग यापुढे आहे. आजच्या जर्मन भाषेत ‘नुल-आख्ट-फ्युन्फत्सेन’, म्हणजे ‘शून्य-आठ-पंधरा’, हा रोजच्या वापरातला वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ बंदूक नव्हे. साचेबंद, रटाळ, कुठेही मिळेल असे, ज्यात स्वतःचे काही नाही असे, ते सारे शून्य-आठ-पंधरा. एखादा चित्रपट, उपाहारगृहातले जेवण, एखाद्याचे भाषण किंवा प्राध्यापकाचे व्याख्यानही शून्य-आठ-पंधरा असू शकते. हा शब्द वापरणाऱ्या पुष्कळांना त्यामागची बंदूक आठवतही नाही.

सेकंदाला आठ गोळ्या झाडणारे हे यंत्र ‘कंटाळवाणे’ या अर्थाचा शब्द कसे झाले? याची दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर चांदमारीच्या मैदानावरचे आहे. युद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीला एक लाखाचेच सैन्य ठेवू दिले. त्या सैन्यात भरती झालेल्या पोरांना हीच बंदूक रोज खोलावी, पुसावी, जोडावी, भरावी आणि रिकामी करावी लागे. पट्टा तिरका गेला तर काय करायचे, काडतूस अडकले तर काय करायचे, हे सकाळ-संध्याकाळ तोंडपाठ म्हणावे लागे. वर्षानुवर्षे चाललेल्या या घोकंपट्टीने बंदुकीच्या क्रमांकालाच कंटाळ्याचा वास आला. दुसरे उत्तर कारखान्यातले आहे. ही बंदूक एकाहून अधिक कारखान्यांत बनत होती, आणि एका ठिकाणचा खिळा दुसऱ्या ठिकाणच्या बंदुकीत बसला पाहिजे अशी गरज होती. युद्धसामग्रीच्या अशाच गरजेतून डिसेंबर १९१७मध्ये जर्मन उद्योगांची प्रमाणीकरण समिती स्थापन झाली, आणि मार्च १९१८मध्ये तिचे पहिले प्रमाणपत्रक निघाले. त्याचा विषय एक निमुळती खीळ हा होता. तेव्हा ‘शून्य-आठ-पंधरा’ म्हणजे प्रमाणित, सर्वत्र सारखे, म्हणून सामान्य, असे हे दुसरे मत.

व्युत्पत्तीच्या चर्चेत आपण सहसा दोहोंपैकी एक मत निवडतो. मला मात्र येथे निवड करण्याची गरज वाटत नाही, कारण कारखाना आणि चांदमारी हे दोन्ही एकाच तत्त्वाचे पाईक आहेत. कोणताही भाग बदलता आला पाहिजे, हे ते तत्त्व. कारखान्यात खीळ बदलता येते. चांदमारीत माणूस बदलता येतो. मशिनगनच्या तुकडीत माणसांनाही क्रमांक असतात : नंबर एक चापावर, नंबर दोन पट्टा धरून. नंबर एक पडला की नंबर दोन त्याच्या जागी सरकतो, आणि बंदूक थांबत नाही. त्यासाठीच प्रत्येकाला प्रत्येकाचे काम घोकवून घेतलेले असते. एखादी कृती इतक्या वेळा करायची, की ती करणारा कोण आहे याने काही फरक पडू नये. ‘शून्य-आठ-पंधरा’ हा शब्द सैनिकांनी वापरला तेव्हा त्यात कंटाळ्याबरोबर ही जाणीवही असली पाहिजे असे मला वाटते. तो क्रमांक त्यांच्या बंदुकीचा होता, पण तो आपलाही क्रमांक आहे हे त्यांनी ओळखले असणार.

या अंदाजाला एक वाङ्मयीन आधार आहे. हान्स हेल्मुट किर्स्ट हा लेखक १९३३ साली जर्मन सैन्यात भरती झाला आणि युद्ध संपेपर्यंत सैन्यात होता. १९५४ साली त्याची कादंबरी प्रसिद्ध झाली, तिचे नावच ‘०८/१५’. पुढे तिचे दोन भाग निघून ती त्रयी झाली. पहिल्या भागात लढाई नाही. त्यात युद्धाच्या उंबरठ्यावरची एक छावणी आहे, कवाईत आहे, क्षुल्लक कारणांवरून होणारा छळ आहे, आणि त्या यंत्रणेचेच नियम वापरून तिच्यावर उलटणारा आश हा सैनिक आहे. पश्चिम जर्मनीने पुन्हा सैन्य उभारावे की नाही, यावर त्या देशात वाद चालू असताना ही कादंबरी आली, म्हणून तिच्यावरही वादळ उठले. मुद्दा असा की, बोलीत गुळगुळीत झालेला शब्द किर्स्टने उचलून मुखपृष्ठावर ठेवला आणि वाचकाला त्याच्यामागची छावणी दाखवली. भाषा विसरते; साहित्याने तिला आठवण करून द्यायची असते. हेन्री रीड या इंग्रज कवीची ‘नेमिंग ऑफ पार्ट्स’ ही १९४२ सालची कविता बहुतेकांनी वाचलेली असेल. तिथेही लढाई नाही. रायफलच्या भागांची नावे सांगणारा प्रशिक्षक आहे, आणि त्याच वेळी बागेकडे लागलेले एका शिकाऊ सैनिकाचे लक्ष आहे. युद्धाच्या वाङ्मयाची एक मोठी वाट रणांगणाऐवजी या शिकवणीच्या तासातून जाते, हे आपण वर्गात पुरेसे सांगत नाही.

आता आपल्याकडे येऊ. ‘कवाईत’ हा शब्द अरबी ‘कवाइद’वरून आला. ते ‘काइदा’ या शब्दाचे अनेकवचन. म्हणजे आपला ‘कायदा’ आणि आपली ‘कवाईत’ ही एकाच घरची भावंडे. आज कवाईत म्हणजे निष्कारण करावी लागणारी दगदग. दाखला काढण्यासाठी कवाईत करावी लागते. मराठीने कवाईतीचे जे केले तेच जर्मनने शून्य-आठ-पंधराचे केले. उलट दिशेचे उदाहरण ‘गारदी’ या शब्दाचे. इब्राहिमखानाच्या कवायती पलटणीचे गारदी १७६१ साली पानिपतावर लढले. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १७७३मध्ये, शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला आणि गारदी या शब्दाला जे रक्त लागले ते आजवर धुतले गेलेले नाही. एका शब्दाची धार कवाईतीत बोथट झाली, दुसऱ्याची एका दुपारीत विषारी झाली. अर्थपरिवर्तनाचे नियम आपण फळ्यावर लिहितो, पण शब्दांना प्रत्यक्षात वळवणारी माणसे आणि घटना फळ्याबाहेर असतात.

मशिनगनने मात्र मराठीला स्वतःचा शब्द दिला नाही. सरबत्ती, फैरी, भडिमार हे सारे तिच्या आधीच्या काळातले. याचा अर्थ मराठी माणसाचा तिच्याशी संबंध आला नाही असा नव्हे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नायक यशवंत घाडगे आपल्या तुकडीसह पुढे जात असताना जवळून मशिनगनचा मारा झाला. घाडगे सोडून तुकडीतला प्रत्येक जण ठार वा जखमी झाला. ते एकटे त्या ठाण्यावर धावले, हातबॉम्ब टाकून बंदूक व ती चालवणारा निकामी केला, आणखी एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने ठार केले. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांचा मृत्यू झाला. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे. जर्मन पायदळाच्या तेव्हाच्या मशिनगन, एमजी ३४ आणि एमजी ४२, शून्य-आठ-पंधराच्या वारस होत्या, आणि धातूच्या पट्ट्यावर चालत. एमजी ४२ मिनिटाला १,२०० गोळ्यांच्या आसपास जाई. सन्मानपत्रातील मॅगझिनच्या त्या एका उल्लेखात दोन यंत्रांमधले अंतर सामावले आहे. एका बाजूला बदलावे लागणारे मॅगझिन, दुसऱ्या बाजूला वाहता पट्टा.

भारतीय पायदळाची लाइट मशिनगन दीर्घकाळ मॅगझिनचीच राहिली. १९३३ साली भारतीय सैन्याने व्हिकर्स-बर्थिए स्वीकारली, मग ब्रेन आली, ब्रेनची ७.६२ मिलिमीटरची आवृत्ती आली, मग इन्सास. पट्टा होता तो मध्यम मशिनगनला. मार्च २०२०मध्ये १६,४७९ नेगेव्ह बंदुकांचा करार झाला आणि २०२१पासून पट्ट्यावर चालणारी लाइट मशिनगन आपल्या जवानांच्या हाती येऊ लागली. म्हणजे जर्मन पोरांना ज्याचा कंटाळा येऊन त्याची म्हण झाली, ते आपल्याकडे शंभर वर्षांनी नवे म्हणून आले.

हे सारे मी वाचू लागलो त्याचे कारण त्या विद्यार्थिनीचे वडील. परीक्षेच्या अर्जाच्या कामासाठी ते एकदा विभागात आले होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेले गृहस्थ. बोलता बोलता मी वर्गातला तो प्रसंग सांगितला. खरे तर गंमत म्हणून सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, “पोरीनं लहानपणी माझ्याकडनंच ऐकलंय, सर. एमएमजीवर मी नंबर दोन होतो. पट्टा माझ्या हातात.”

मग त्यांनी मला चांदमारी समजावून सांगितली. नंबर दोनने पट्टा तळहातावर असा धरायचा की तो नळीशी सरळ राहील. खाली लोंबला की ओझ्याने ओढला जातो, पिळला की रोका पडतो. ‘रोके’ म्हणजे बंदूक अडण्याचे प्रकार, आणि ‘फौरी इलाज’ म्हणजे त्यावरचा ताबडतोबीचा उपाय. हे शब्द त्यांनी हिंदीतच सांगितले, कारण ते त्यांनी हिंदीतच घोकले होते. नंबर एक थोडे थोडे बर्स्ट टाकतो. लांब बर्स्ट टाकला तर नळी तापते आणि निशाण हलते. फायर संपला की बंदूक खाली केली आहे याची तपासणी होते आणि मग सगळे ओणवे होऊन रिकामे खोके वेचतात. जितक्या गोळ्या दिल्या तितके खोके मोजून परत द्यायचे. एक कमी पडला तरी अंधार पडेपर्यंत शोध.

“चांदमारीत सगळी मोजदाद असते, सर,” ते म्हणाले. “गोळ्या मोजा, खोके मोजा, चांदातली भोकं मोजा. कंटाळा यायचा. पण खरं सांगू का, पुढं जिथं मोजायला कुणी नसतं, तिथं हात आपोआप चालतो तो त्या कंटाळ्यामुळंच.”

मी विचारले, “तिथं म्हणजे?”

“ते राहू द्या,” एवढेच म्हणून ते अर्जाकडे वळले. तिकीट कुठे लावायचे ते त्यांनी विचारले, मी दाखवले. मुलगी दाराशी उभी होती. तिनेही पुढे काही विचारले नाही. तिने ते पूर्वी कधी विचारून पाहिले असेल, असे मला तिच्या उभे राहण्यावरून वाटले.

चांदमारी या शब्दातला ‘चांद’ म्हणजे निशाणाच्या फळीवरचे गोल वर्तुळ. शब्द इतका देखणा आहे की त्याच्या दुसऱ्या अर्ध्याकडे आपले लक्ष जात नाही. कंटाळ्याचेही तसेच असते. जर्मन वाक्प्रचाराने बंदुकीतून कंटाळा तेवढा उचलला, आणि तो कंटाळा कशासाठी होता ते मागे ठेवले. सरबत्ती आणि भडिमार म्हणताना आपणही आवाज तेवढा उचलतो. अर्थ झिजतो असे पुस्तके सांगतात. मला आता वाटते की तो पुष्कळदा झिजत नाही. बोलणारे त्याचा सोसवेल तेवढाच भाग हाती घेतात, आणि उरलेला भाग कुणाच्या तरी घरी न बोलता राहतो.

तेव्हा त्या विद्यार्थिनीचे उत्तर चूक होते का? व्युत्पत्तीच्या दृष्टीने होय. तोंडाचा पट्टा दांडपट्ट्याचाच, आणि परीक्षेत मी तेच उत्तर ग्राह्य धरीन. परंतु दांडपट्टा जिने मर्दानी खेळाच्या प्रात्यक्षिकापलीकडे पाहिला नाही आणि बंदुकीच्या पट्ट्याविषयी जी घरात ऐकत वाढली, तिच्यासाठी त्या वाक्प्रचारातला पट्टा बदललेला आहे. शब्द तोच राहिला, त्याखालची वस्तू बदलली. मी शिकवत होतो ते अर्थपरिवर्तन माझ्या डोळ्यांदेखत मागच्या बाकावर घडले होते, आणि मी ते ‘चूक’ म्हणून ओलांडून गेलो, कारण माझ्या टिपणांत ते नव्हते. ती टिपणे अठरा वर्षांपूर्वीची आहेत. जर्मन माणसाने त्यांना काय म्हटले असते हे वेगळे सांगायला नको.

पुढच्या तासाला मी ते वर्गात सांगितले. तिचे उत्तर, माझे हसणे आणि शून्य-आठ-पंधराची ही गोष्ट. तिच्या वडिलांनी जे सांगितले नाही त्याविषयी मी काही बोललो नाही. टिपणांत ‘तोंडाचा पट्टा’समोर समासात दुसरा अर्थ पेनाने लिहून ठेवला आहे, आणि त्याच्यापुढे थोडी जागा मोकळी सोडली आहे.